नारळ फुटल्यानंतरचं भांडण

आपल्या अंकाचे संपादक पनवेलच्या बाजारात भेटले. हातातली मेथीची जुडी माझ्यापुढे हलवत म्हणाले, "वकीलसाहेब, यंदा तुमचा लेख हवाच. कोर्टातल्या गमती लिहा. लोक फराळ करताना अंक वाचतात, त्यांना जरा हसू द्या." मी हो म्हणून बसलो. घरी येऊन गमती आठवायला लागलो, तर प्रत्येक गमतीच्या मागे कुणीतरी बाई कोर्टाच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसलेली दिसली. तेव्हा संपादकांची क्षमा मागून मला जे लिहायचं आहे तेच लिहितो. चकली हातात असेल तर खाऊन घ्या.

वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बेचाळीस साली तर ती तांदळाच्या डब्यातही होती. 'अननस' हा शब्द वाचता येण्याआधी मला 'अन्याय' वाचता येत होता. त्यामुळे सनद मिळाल्यावर मी समजत होतो की कोर्टात उभं राहायचं, खरं काय ते मोठ्यानं सांगायचं, की झालं. माझे गुरू नाना, ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी केली, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे, पत्रक एका बाजूनं छापलेलं असतं. इथं कागदाच्या दोन्ही बाजू वाचायच्या."

मारामारीच्या खटल्यात पनवेलचा प्रत्येक माणूस, मग तो टांगेवाला असो की पेन्शनीत निघालेला अव्वल कारकून, एकच प्रश्न विचारतो: "सुरुवात कुणी केली?" त्याचं उत्तर मिळालं की त्याच्या मनातला निकाल लागलेला असतो. ज्यानं सुरुवात केली त्यानं मार खावा, मुकाट्यानं खावा, आणि मेला तर त्याचं नशीब. माझा सगळा संताप या प्रश्नावर आहे.

कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो. आपल्या अंगावर कुणी धावून आलं, पोलिसांना बोलवायला वेळ नसला, तर आपला जीव वाचवण्यापुरता प्रतिकार करायचा हक्क प्रत्येकाला आहे. त्याला आत्मसंरक्षण म्हणतात. पण तुम्ही स्वतःच कुरापत काढलीत, समोरच्याला चिडवून अंगावर ओढून घेतलंत, आणि त्या निमित्तानं त्याला झोडपलंत, तर तो हक्क तुम्हाला नाही. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. घोटाळा पुढे आहे. सकाळी तुम्ही कुरापत काढलीत, मग भांडण मिटलं, तुम्ही घरी गेलात, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस काठी घेऊन तुमच्यावर चालून आला. आता? आता ते नवं भांडण, आणि त्यात चालून येणारा तो आहे. कालच्या चुकीसाठी आज तुमचा जीव घ्यायची परवानगी कायद्यानं कुणाला दिलेली नाही. कालची चूक करणाऱ्यालाही जगायचा हक्क असतो. हे वाक्य मी पनवेलच्या कुठल्याही ओट्यावर बसून म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जसा काही मीच कुणाला तरी मारून आलोय.

आणि हाच कायदा पैसेवाल्याला कसा पावतो तेही पाहिलंय. एका घरमालकानं भाडेकरू घरात असताना त्याच्या छपराची कौलं उतरवायला घेतली. भाडेकरू शिडी चढून वर गेला, त्यानं मालकाचा हात धरला. मालकानं कौलं काढायच्या गजानं त्याचा खांदा मोडला आणि कोर्टात सांगितलं, "तो माझ्या अंगावर आला, मी जीव वाचवला." तिथं कुरापत चालूच होती, कौल हातात होतं! तरी मालक सुटला. भाडेकरूच्या बाजूनं मी होतो. त्या दिवशी मालकाला ओट्यावर कुणीही विचारलं नाही, की सुरुवात कुणी केली. तो प्रश्न पायात चपला नसलेल्यांसाठीच राखून ठेवलेला असावा.

आता पोशाची गोष्ट सांगतो.

पनवेलहून उरणकडे जाताना खाडीच्या काठी मिठागरं लागतात. त्यातल्या एका आगरावर पोशा मीठ पिकवायचा. काळा, उंच, तोंडाचा फटकळ. आगर एका शेठचं. शेठ पनवेलात राहायचा, आगर बघायला गणपत नावाचा मुकादम ठेवलेला. गणपत पोशाच्याच गावचा, पोशाच्या दोन घरं पलीकडचा.

भरतीचं पाणी आगरात घ्यायला बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. लाकडी फळ्या पहारीनं उचलायच्या, पाणी आत घ्यायचं, पुरेसं आलं की फळ्या पुन्हा खाली सोडायच्या. उधाणाच्या भरतीला फळ्या वेळेवर पडल्या नाहीत, तर पाणी आतला बांध ओलांडून गावाच्या भातखाचरांत शिरतं, आणि खारं पाणी शिरलेल्या खाचरात पुढची काही वर्षं गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून उघाडीवरचा माणूस फळ्या पडेपर्यंत जागा सोडत नाही. हे लक्षात ठेवा, कारण सरकारी वकिलांच्या ते लक्षात राहिलं नव्हतं.

त्या दिवशी पोशानं काय केलं, ते मी फिर्यादीच्या कागदांवरून सांगतोय. गावातल्या कुणीही मला ते सांगितलेलं नाही, का ते पुढे येईल. मुकादम नवं धोतर नेसून आगरावर आला होता. पोशानं आगरावर काम करणाऱ्या सगळ्या बायांसमोर त्याच्या चालण्याची नक्कल केली, "नवरदेव आलं, नवरदेव आलं!" म्हणून आरोळ्या दिल्या, आणि मुकादम अंगावर ओरडला तेव्हा त्याला कोंडीत, म्हणजे मिठाचं पाणी साठवलेल्या वाफ्यात, ढकलून दिलं. मुकादम नखशिखांत खाऱ्या पाण्यात. बाया हसल्या. चूक पोशाची होती, साफ होती, आणि ती मी कधी लपवली नाही.

दुसऱ्या दिवशी उधाणाच्या भरतीला पोशा उघाडीवर एकटा होता. मुकादम शेठच्या पनवेलच्या वखारीतले दोन हमाल घेऊन तिथं आला. मारामारी झाली. पोशानं फळ्या उचलायची पहार हाणली, ती मुकादमाच्या डोक्यात बसली आणि मुकादम गेला. पोशावर खुनाचा खटला उभा राहिला, आणि त्याच्या बचावाचं काम नानांकडे आणि माझ्याकडे आलं.

हमालांनी पोलिसांना सांगितलं, "भांडण कालपासून चालूच होतं. आम्ही समजूत घालायला गेलो, यानंच पहिला घाव घातला." झालं! पनवेलात निकाल लागला. रोज ओट्यावर वर्तमानपत्र वाचणारे एक निवृत्त मामलेदार मला म्हणाले, "कोंडीत कुणी ढकललं? पोशानं ना? मग बोलणं खुंटलं." मी म्हटलं, "रावसाहेब, कोंडीत ढकलायची शिक्षा फाशी आहे हे मला माहीत नव्हतं." त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

आम्हाला सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की कोंडीचं भांडण त्याच दिवशी संपलं होतं, आणि उघाडीवरचं भांडण नवं होतं. मी सायकल काढून गावात गेलो. गावकीचा जुना पंच राघोबाबा देवळाच्या पायरीवर जाळं विणत बसला होता.

"या वकीलसायब. पानी प्या. जेवून जावा. पर ती गोष्ट काडू नका," तो आधीच म्हणाला.

"बाबा, पोशाचा जीव आहे यात."

"हाय ना. मला ठावं हाय. पर नारल फुटलाय."

त्या गावात भांडण मिटवायची रीत अशी. गावकी बसते. ज्याची चूक तो देवीपुढे नारळ आणतो, समोरच्याच्या पाया पडतो. पंच नारळ फोडतो, अर्धा याला, अर्धा त्याला, आणि दोघांनी ते खोबरं सगळ्यांसमोर खायचं. खाल्लं की भांडण मेलं. त्यानंतर ते भांडण गावात कुणीही तोंडातून काढायचं नाही. नवऱ्यानं बायकोपाशीसुद्धा नाही. काढलं तर देवीचा कोप त्याच्या घरावर.

कोंडीच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत नारळ फुटला होता. एवढं गावात न जाताही कळत होतं, कारण पोलीस पाटलानं देवळातल्या बैठकीचा उल्लेख केला होता. पण काय झालं, कुणी माफी मागितली, कुणी खोबरं खाल्लं, यावर सबंध गावाच्या तोंडाला कुलूप! जी रीत भांडण संपल्याचा पुरावा होती, तीच पुरावा द्यायला मनाई करत होती. पोलीस येऊन म्हणाले, "पहिल्यापासून सांगा." गावानं माना खाली घातल्या. पोलिसांनी लिहून घेतलं की गाव आरोपीला घाबरून आहे, आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

अलिबागच्या तुरुंगात पोशाला भेटलो. म्हटलं, "निदान तू तरी सांग. तू माफी मागितलीस ना?"

"नाय सांगनार."

"अरे, फास गळ्याशी आलाय."

पोशा हसला. त्या माणसाला कुठंही हसू यायचं. म्हणाला, "वकीलसायब, केली ती चूक खोबऱ्यासंगं खाऊन टाकली. आता तुमच्यासाटी परत ओकू काय?"

मी रागावून बाहेर आलो. नानांना म्हटलं, "हे लोक अडाणी आहेत." नाना पान लावत होते. ते म्हणाले, "दिलेला शब्द जीव गेला तरी मोडत नाहीत, याला तुझ्या पत्रकांत काय म्हणतात रे?" मी आणखी रागावलो.

पुढच्या खेपेला गावात गेलो तेव्हा पोशाची बायको हिरा देवळापाशी राघोबाबाशी भांडत होती. कडेवर मूल, आवाज टिपेला.

"बाबा, माझा नवरा लटकनार, आन तुमी नारल धरून बसा!"

"त्यानंच खाल्लाय पोरी. मी काय करू?"

"त्यो एका दिसाचा नारल! दुसऱ्या दिसाचा फोरलाव का तुमी? उघाडीवं तीन माणसं काठ्या घेऊन आली, त्याचा नारल कवा फुटला? त्ये तरी बोला!"

राघोबाबाच्या हातातलं जाळं थांबलं. तो म्हणाला, "त्ये मला कोनी इचारलंच नाय."

मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो. "बाबा, उघाडीवरचं तुम्ही पाहिलंत?"

"पायलं ना. मी पल्याडच्या बांधावं व्हतो. त्ये सांगतो. त्याला कुठं बंदी हाय?"

पोलिसांनी पहिल्यापासून विचारलं होतं. मीही पहिल्यापासूनच विचारत होतो. सगळा मुलूख 'सुरुवात कुणी केली' याच खुंट्याभोवती फिरत होता, आणि ज्यानं डोळ्यांनी सगळं पाहिलं तो माणूस देवळाच्या पायरीवर जाळं विणत बसला होता.

खटला अलिबागला सेशन्स कोर्टात चालला. हमालांची उलटतपासणी नानांनी घेतली. नाना कधी आवाज चढवत नसत. त्यांनी एका हमालाला विचारलं, "समजूत घालायला गेलात, मग काठ्या कशाला?"

"सापकिरडू असतंय बांधावर."

"बरं. मुकादमानं आदल्या दिवशी खोबरं खाल्लं, मिटवून घरी गेला. मग सकाळी पनवेलला शेठकडे कशाला आला?"

"शेटनी बोलावलं."

"काय म्हणाले शेठ?"

हमाल बेसावध होता. तो म्हणाला, "म्हनले, भिजलेला मुकादम मला नको. आधी सुकून ये, मग कामावर ये."

कोर्टात कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. दोन शेजारी एका नारळावर मिटवून बसले होते, आणि पनवेलच्या माडीवर गादीला टेकून एका माणसानं ते पुन्हा पेटवलं होतं. तो माणूस त्या दिवशी कोर्टात नव्हता. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

राघोबाबाची साक्ष माझ्याकडे होती. मी पहिल्या दिवसाबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"बाबा, उधाणाच्या भरतीला तुम्ही कुठं होता?"

"माज्या बांधावं."

"काय दिसलं?"

"पोशा फळ्या सोडत व्हता. तिघं आली. गनपतनं पोशाच्या पाठीत काठी घातली. पोशा ओरडला, 'फळ्या पडू दे, मंग काय त्ये कर.' दुसरी काठी मनगटावं बसली. मी बोंब मारली, पर वारा उलटा. मंग गनपतनं काठी डोक्यावं उगारली, आन पोशानं हातात व्हती ती पहार फिरवली. गनपत परला. दोघं पलाली."

"आणि पोशा?"

"त्यानं फळ्या सोडल्या. मंग गनपतला पाठीवं घेतला आन गावात आनला. रडत व्हता."

सरकारी वकील उठले. हुशार माणूस, पण त्यांनाही त्याच खुंट्यानं बांधून ठेवलं होतं. त्यांनी पहिल्या दिवसाचाच विषय काढला.

"आरोपीनं आदल्या दिवशी मयताला कोंडीत ढकललं, हे खरं ना?"

"नाय सांगनार."

"म्हणजे खरं आहे."

"नाय सांगनार."

"त्या दोघांचं वैर होतं, ते तुम्ही लपवताय!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाबा, तुम्ही शपथ घेतली आहे. उत्तर द्यावं लागेल, नाहीतर आम्हाला तुमच्यावर कारवाई करावी लागेल."

राघोबाबानं हात जोडले. "सायब, तुमची शपत मी आज घेतली. देवीपुडं नारल फोरला तवा एक शपत आदीच घेतलेली. त्या दोगांनी माज्या हातचं खोबरं खाल्लं. तवापासून त्यांच्यात काय बी नाय. जे नाय, त्ये मी कसं सांगू?"

न्यायाधीशांनी टाक खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि बराच वेळ लिहीत राहिले. सरकारी वकील खाली बसले. त्यांनी इतक्या जोरानं ढकललेलं दार दुसऱ्या बाजूला उघडलं होतं. भांडण संपलं होतं याचा याहून पक्का पुरावा आम्हाला हजार वर्षांत मिळाला नसता.

सरकारी वकिलांनी शेवटी भाषणात विचारलं, "आरोपी पळाला का नाही?" नानांनी उठून उघाडी कशी चालते ते सांगितलं. पळाला असता तर स्वतः वाचला असता आणि गावाची खाचरं बुडाली असती. एका बाजूला काठ्या, मागे खाडीचा चिखल, हाताखाली अर्ध्या सोडलेल्या फळ्या. कायदा कुणालाही स्वतःचं काम टाकून पळायची सक्ती करत नाही.

पोशा निर्दोष सुटला. निकालात न्यायाधीशांनी म्हटलं की आदल्या दिवशीची कुरापत आरोपीची असली तरी ती त्याच दिवशी मिटली होती, नंतरचा हल्ला स्वतंत्र होता, आणि आरोपीनं एकच घाव घातला, तोही डोक्यावर काठी आल्यावर. मला त्या दिवशी सगळ्या पनवेलात ओरडत फिरावंसं वाटलं. पनवेलला आलो तर मामलेदार ओट्यावर होतेच. म्हणाले, "सोडवलात म्हणे. पण काही म्हणा, सुरुवात त्यानंच केली होती." मी काही बोललो नाही. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच.

शेठवर चिथावणीचा खटला भरा, म्हणून मी अर्ज केला. उत्तर आलं की पुरावा पुरेसा नाही. हमाल तोवर गावी निघून गेले होते. शेठनं आगरावर नवा मुकादम ठेवला. कोरडा.

इथं गोष्ट संपवली असती तर संपादक खूश झाले असते. पण सुटून आल्यावर पोशा आपण होऊन गावकीपुढे गेला. त्याच्या निरोपावरून मीही गेलो होतो. देवीपुढे त्यानं नारळ ठेवला आणि म्हणाला, "कोर्टानं सोरलं. पर मानूस माज्या हातानं गेला. मला दंड करा."

मयत गणपतची बायको सोनूबाय तिथं आली होती. पोशा तिच्या पाया पडला. त्याचं ते सतत हसणारं तोंड मी पहिल्यांदा वेडंवाकडं झालेलं पाहिलं. राघोबाबानं नारळ उचलला, फोडायला हात वर केला, तेवढ्यात सोनूबाय म्हणाली, "थांबा."

ती उठली. पोशाच्या डोक्यावर तिनं हात ठेवला की नुसता त्याला बाजूला सारलं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मग तिनं राघोबाबाच्या हातातला नारळ काढून घेतला आणि तो पोशाच्या ओंजळीत परत टाकला.

"ह्यो तुजा नाय पोशा. तुजं आन त्याचं कवाच मिटलं व्हतं," ती म्हणाली. "ह्याचा नारल शेटनं आनावा. त्यानं माज्या पाया परावं. मंग मी खोबरं खाईन."

राघोबाबानं मान डोलावली. गावकी उठली.

सोनूबायचा निरोप सांगायला मी स्वतः शेठच्या माडीवर गेलो होतो. शेठ हसले. म्हणाले, "वकीलसाहेब, नारळ काय, पोतंभर पाठवतो. पण मी तिथं कशाला? माझं काय भांडण होतं?"

पोतं घेऊन गेलेला गडी गावानं वेशीवरूनच परत पाठवला. सोनूबाय अजून त्याच गावात राहते. शेठ अजून त्याच माडीवर बसतात, आणि हा अंक त्यांच्याकडेही जातो.

कोंडीच्या दिवसाबद्दल गावात कुणी काही बोलत नाही. गणपत मुकादम का मेला, यावर मात्र तिथं बोलायला बंदी नाही. त्याचा नारळ अजून फुटायचा आहे. तोवर पाण्यावर, बांधावर, देवळात, ज्याला जिथं बोलायचं तिथं तो बोलतो. मी इथं बोललो.